ओटीतले तीन ब्लाउजपीस आणि पट्ट्यांचा सोप्पा ब्लॉक (गोधडी शिकणाऱ्यांसाठी)

उरेबपट्टी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मागे एकदा गप्पांच्या धाग्यावर बोलले होते की पट्ट्यांच्या गोधडीचं लिहीन, आणि मग नेहमीप्रमाणे गायब झाले. आज कपाट आवरताना ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांचं बोचकं डोक्यावर पडलं (खरंच पडलं) त्यामुळे आता लिहितेच. यांचे ब्लाउज आपण कधीही शिवणार नाही हे आपल्यालाही माहीत असतं आणि देणारीलाही, फिरवून फिरवून तेच पीस परत आपल्याच ओटीत येतात.

तर हा ब्लॉक (म्हणजे गोधडीचा एक चौकोन, असे पुष्कळ जोडले की वरचा थर होतो). याला इंग्रजीत रेल फेन्स म्हणतात, म्हणजे लाकडी फळ्यांचं कुंपण असतं ना आडव्या आडव्या फळ्यांचं, तसं दिसतं म्हणून. तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडायच्या, चौकोन कापायचे, एक चौकोन उभा एक आडवा असे मांडायचे. झालं. त्रिकोण नाही, गोल नाही, आणि मुख्य म्हणजे ब्लॉकच्या आतल्या शिवणी शेजारच्या ब्लॉकच्या शिवणींशी जुळवाव्या लागत नाहीत, कारण उभ्या पट्ट्यांच्या शेजारी आडव्या ब्लॉकची सपाट बाजू येते. पहिल्यांदा शिवणाऱ्याची निम्मी रड तिथेच संपते.

माप असं. पट्टी अडीच इंच रुंद. माया (शिवणीच्या बाहेर उरणारी कापडाची कड) पाव इंच. तीन पट्ट्यांचे साडेसात इंच, दोन शिवणींत प्रत्येकी दोन्हीकडची पाव-पाव मिळून एकूण एक इंच गेला, उरले साडेसहा. म्हणून साडेसहाचा चौकोन कापायचा, सगळीकडून जोडला गेला की तो ६ इंचाचा दिसतो. ६ ब्लॉक आडवे, ८ उभे, असे ४८ केले की ३६ बाय ४८ इंचाचं बाळाचं दुपटं होतं.

आता गंमत बघा. ब्लाउजपीसचा पन्हा साधारण ३६ इंच, काठ कापून आणि धुऊन आटल्यावर ३४ धरा. पन्ह्यात आडवी पट्टी कापली की तिन्ही रंग जोडलेल्या एका पट्ट्यात ५ ब्लॉक बसतात. ४८ ब्लॉकला १० पट्टे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या १० पट्ट्या, म्हणजे २५ इंच कापड. ब्लाउजपीस ८० सेंमीचा असला तर साडेएकतीस इंच भरतो. तीन ब्लाउजपीसमध्ये अख्खं दुपटं! (काही जणी ओटीत चिक्कूपणा करून ६० सेंमी देतात, त्यांचे पीस बाजूला ठेवा, मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.)

एक रंग गडद, एक मधला, एक फिका असे घ्या. तिन्ही गडद घेतले तर लांबून नुसता काळोख दिसतो.

आणि सुती आहे का ते बघा. दुकानदार सगळ्यालाच कॉटन म्हणतो. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून बेसिनवर जाळायचे. कागद जळल्यासारखा वास आला आणि हातात चुरली जाणारी राख झाली तर सुती. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर, तो पीस पुढच्या ओटीत फिरवा :)

शिवायचं उद्या लिहिते, डोळे मिटायला लागलेत.

कच्चा लिंबू | सोमवार, रात्री ११:०५

मी पयला. शिवणकाम येत नाही पण पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नवशिकी | मंगळवार, सकाळी ७:२०

उपताई (उरेबपट्टीताई फार लांब होतं) तुम्ही देव आहात! मी बंगलोरला असते, आईची जुनी काळी पायमशीन आणलीय इकडे आणि गेले वर्षभर तिच्यावर फक्त कुंड्या ठेवल्यात. बहिणीला जानेवारीत बाळ होणारे. मला जमेल ना? मला सरळ टीप मारता येते बाकी काही नाही. आणि ते गोल कटर आणि हिरवी मॅट घ्यावीच लागते का, व्हिडिओत सगळ्यांकडे असते.

उरेबपट्टी | मंगळवार, दुपारी २:१५

अगं सरळ टीपच लागते याला, बाकी काही नाही. कुंड्या काढ, तेल घाल, एक जुनं फडकं शिवत बस अर्धा तास म्हणजे जुनं काळं तेल बाहेर येईल ते येईल, नाहीतर ते बाळाच्या दुपट्यावर येईल.

कटर असेल तर उत्तमच, त्यानं काम दहापट भराभर होतं. पण ते गोल पात्याचं कटर ओल्फा कंपनीनं आणलं १९७९ साली, त्याच्या आधी बायका पट्ट्या कापतच होत्या की. जाड पुठ्ठ्याची अडीच इंच रुंद, फूटभर लांब पट्टी काप, बरोब्बर अडीच हां, ती ठेवून दोन्ही बाजूंनी खडूची रेघ मार आणि कातरीनं काप. दोन पदरांपेक्षा जास्त एकदम कापू नको.

कापड आधी धुऊन घ्या सगळ्यांनी. गडद लाल, मरून, तो विशिष्ट मोरपंखी यांना पांढऱ्या फडक्याबरोबर ओलं करून तासभर गुंडाळून ठेवायचं. फडकं रंगलं तर परत धुवायचं. तिसऱ्यांदाही रंग गेला तर तो पीस माझ्या मते सोडून द्या, माझ्या एका गोधडीत पांढरं होतं ते आता कायमचं बाळगुलाबी आहे.

कापताना दुमड नीट बघा. कापड दुमडलं की काठाला काठ जुळवतो आपण, पण दुकानदारानं वाकडं फाडलेलं असतं आणि मधे दुमडीपाशी पीळ राहतो. तसंच कापलं तर पट्टी उघडल्यावर मध्यात कोपर वाकवल्यासारखी दिसते. दुमड लोंबकळत धरून काठ थोडे इकडेतिकडे सरकवा, पीळ गेला की दुमड सरळ पडते, मग कापा.

टीपटॉप | मंगळवार, रात्री ९:३०

माझ्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं, मी आयटीत हमाली करतो, पण सुट्टीत दुकानात बसून काजं-बटणं केलीयत त्यामुळे थोडं बोलू शकतो.

@नवशिकी, दोन गोष्टी. सुई नवीन घाला, १४ नंबर. जुनी सुई कितीही चांगली दिसली तरी टोक बोथट असतं, ब्लाउजपीसच्या पातळ कापडात धागे ओढते. दुसरं म्हणजे माया. काळ्या मशीनच्या सुईखालच्या लोखंडी पट्टीवर बहुतेक वेळा पाव इंचाची खूण नसते आणि लोक फूटच्या (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) कडेला कापड लावून शिवतात. फूटची कडा सुईपासून पाव इंचावर असेलच असं नाही, प्रत्येक मशीनचं वेगळं. त्यामुळे शाळेचा आलेखाचा कागद घ्या, मिलिमीटरवाला, दोरा न ओवता सुई एका रेघेवर टेकवा, उजवीकडे ६ मिमी मोजा आणि कागदाच्या त्या रेघेला लागून मशीनवर चिकटपट्टी लावा. नुसती एक नको, पाच-सहा थर द्या एकावर एक म्हणजे कापडाला धक्का लागतो आणि ते त्याच्याबाहेर जात नाही. फक्त दात्यांवर (खालून कापड पुढे सरकवतात ते) चिकटपट्टी येऊ देऊ नका, तेवढी जागा कापून घ्या.

पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी हे मला माहितीय, कोणी सांगायला येऊ नका. शिवण दुमडली की दुमडीत आणि दोऱ्याच्या जाडीत कापड किंचित खातंच. म्हणून केसभर कमी.

सातारकर | मंगळवार, रात्री ११:५०

चालू द्या. पण गोधडीला आलेखाचा कागद लागतो हे ऐकून आमची आजी वरून बघत हसत असेल. आमच्याकडं वाकळ म्हणतात. जुनी लुगडी अंथरायची, चारी कडेनं धरायची आणि गल्लीतल्या चारजणी बसून धावदोरा घालायच्या, बाहेरून आत, बाहेरून आत. कसलं माप न् कसली माया. हे तुमचं अमेरिकन कुंपण आहे, याला गोधडी म्हणू नका एवढीच विनंती.

कच्चा लिंबू | बुधवार, सकाळी ८:०१

आले आले, धाग्याला रंग आला आता.

मावशीआज्जी | बुधवार, सकाळी ११:३०

सातारकर, आजीनं वाकळ शिवली ते बरोबर, पण तुम्ही स्वतः किती टाके घातलेत त्यात?

मी घातलेत. नवऱ्याच्या धोतरांची आणि सासूबाईंच्या नऊवारीची. आणि माप नव्हतं असं कोण म्हणतं. वीत होती, चार बोटं होती. वरचा थर ठिगळांचा करायचा असला की आई आधी सगळी ठिगळं वितीवर फाडून घ्यायची, लहानमोठी झाली की तिच्या बोटांनी तिला कळायचं. आता यांना कळत नाही म्हणून कागद लावतात, त्यात काय बिघडलं.

उरेबताई, पट्ट्या फाडल्या तर चालतील का, मला कातरीनं अंगठा दुखतो हल्ली.

उरेबपट्टी | बुधवार, दुपारी ३:४०

मावशीआज्जी तुम्हाला साष्टांग.

फाडून चालतं, टर्रकन फाडलेलं कापड धाग्यात एकदम सरळ येतं, तो फायदा. तोटा असा की फाडलेली कडा थोडी ताणली जाते, लाटेसारखी होते, आणि दोन्हीकडून धागे निघतात, त्यामुळे अडीच इंचाची पट्टी म्हणायला अडीच राहते. तुम्ही पावणेतीन फाडा, इस्त्री करा आणि मग मुलीला-सुनेला बसवून अडीचवर कापून घ्या. नाहीतर सरळ साडेतीनच्या रुंद पट्ट्या फाडून मोठा ब्लॉक करा, रुंद पट्टीत तेवढा फरक खपतो. तीन साडेतीन साडेदहा, एक गेला, साडेनऊचा चौकोन.

सातारकर, मी भांडणार नाही, तुमचा मुद्दा मला अर्धा पटतो. अर्ध्याचं उत्तर पुढे कोणीतरी देईलच.

आता शिवायचं. फिकी आणि मधली पट्टी सुलट्यावर सुलटी ठेवायची, टाचण्या दोन टोकांना आणि मधे दोन-तीन, जास्त नको. टाका लहान ठेवा, इंचाला दहा-बारा. टोकांना उलटसुलट टीप मारून गाठ पक्की करायची गरज नाही कारण त्यावरून परत आडवी शिवण जाणारच आहे, पण नेमकं म्हणूनच टाका लहान हवा, मोठा टाका चौकोन कापल्यावर उसवायला लागतो.

दहाही जोड्या एकापाठोपाठ घाला मशीनमध्ये, मधे दोरा तोडू नका. एक संपली की दोन टाके हवेत आणि लगेच पुढची. मशीनमधून पताकांची माळ निघते तशी निघते. मग कापायची.

मग इस्त्री. आधी शिवण जशी आहे तशी बंदच दाबायची, मग उघडून दोन्ही माया गडद बाजूकडे. इस्त्री ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. शर्टासारखी फिरवायची नाही, पट्टी लांब असते ती लगेच ताणते. तिसरी पट्टी जोडताना मात्र उलट टोकाकडून सुरुवात करा! पहिली शिवण वरून खाली मारली असेल तर दुसरी खालून वर. हे केलं नाही तर तिन्ही पट्ट्या मिळून केळ्यासारख्या वाकतात, कारण मशीनचे दाते खालचा पदर वरच्यापेक्षा थोडा जास्त ओढतात आणि दोन्ही शिवणींत ओढ एकाच दिशेनं साठते. माझी पहिली गोधडी सगळी केळीच होती.

पाऊसपाणी | बुधवार, रात्री १०:१०

गोव्यातून बोलतेय. सातारकरांना पाठिंबा नाही पण दुजोरा आहे असं म्हणू का. आमच्याकडून खाली उत्तर कन्नडात गेलं की हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी शिवतात, म्हणजे त्यांची गोधडी. त्या ब्लॉक करतच नाहीत. खाली साडी अंथरून कोपऱ्यापासून तुकडा दुमडून ठेवायचा, टाके घालत कडेकडेनं पुढे जायचं, पुढचा तुकडा मागच्याला लागून, असं बाहेरून आत फिरत फिरत मधे पोचायचं, की झाली. जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी. आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या केलेले तुकडे लावतात, त्याला फुलं म्हणतात, ती लावल्याशिवाय गोधडी पूर्ण झाली असं मानत नाहीत. मी एकीला जवळ बसून बघितलंय, टेप कुठेच नव्हता. तुकडा हातात घेऊन दोनदा दुमडून बघायची, नको वाटला तर मांडीखाली ठेवून दुसरा उचलायची.

पण मी स्वतः रेल फेन्सच करणार, कारण मला ते बघून जमलं नाही. हाताला ते वळण असावं लागतं.

अटलांटातली | गुरुवार, सकाळी ६:४५

इथे माझी रात्र आहे, झोप गेलीय हा धागा वाचून.

सातारकर, "अमेरिकन कुंपण" म्हणालात म्हणून सांगते. माझ्या शेजारच्या राज्यात, अलाबामात, जीज बेंड म्हणून नदीच्या वळणात अडकलेलं गाव आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्यांच्या फाटक्या कामाच्या पँटी, पिठाच्या गोण्या असल्या कापडांच्या पट्ट्यांच्या गोधड्या शिवत आल्या, थंडीत घराच्या फटी बुजवायला आणि पांघरायला. त्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये लागल्या, २००६ मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. आणि त्या अजिबात मोजलेल्या नाहीत! पट्टी इकडे रुंद, तिकडे निमुळती, गुडघ्याच्या जागी ठिगळ काढलेलं तिथे निळा डाग तसाच. तुमच्या आजीची आणि त्यांची गाठ पडली असती तर दुभाष्या लागला नसता.

आणि पट्टे जोडून आडवे कापून परत जोडायचे ही युक्ती फ्लोरिडातल्या सेमिनोल लोकांची फार सुंदर आहे, हातमशीन मिळाल्यावर त्यांनी स्कर्ट-जॅकेटांवर इतक्या बारीक नक्ष्या केल्या की बघतच राहावं.

अवांतर, ज्यांना अजिबातच डोकं लावायचं नाही त्यांच्यासाठी इथे जेली रोल मिळतो, अडीच इंची पट्ट्यांची चाळीसेक पट्ट्यांची गुंडाळी, प्रत्येक पट्टी कापडाच्या पन्ह्याएवढी लांब. बायका शर्यत लावतात. सगळ्या पट्ट्या टोकाला टोक जोडून साधारण १६०० इंचाची एकच पट्टी करायची, ती मधे दुमडून लांबीत शिवायची, टोक कापायचं, परत दुमडायची, परत शिवायची, असं पाचदा. शेवटी ५० बाय ६४ इंचाचा वरचा थर तयार. एका दुपारी. पहिली शिवण ८०० इंचांची असते तेव्हा आपण हे का सुरू केलं असं वाटतं आणि पट्टीला पीळ पडला की घरच्यांवर ओरडायला होतं.

सातारकर | गुरुवार, सकाळी ९:३०

जीज बेंडच्या गोधड्या शोधून बघितल्या. शब्द मागे. "कुंपण" एवढाच मागे, माप मागे नाही, ते बघा तिकडं पण नाहीच माप.

उरेबपट्टी | गुरुवार, दुपारी १:००

हेच मला म्हणायचं होतं. कवंदीत किंवा वाकळीत पुढचा तुकडा मागच्याच्या अंगावर बसतो, लहान असला तर दुसरा लावतात, म्हणून माप डोळ्यात चालतं. इथे आपण चौकोन उभा-आडवा फिरवतोय. फिरवलं की त्याची लांबी शेजारच्याच्या रुंदीला लागते, आणि तिथे खोटं खपत नाही.

नवशिकी | रविवार, रात्री ११:५५

उपताई वाचवा!!! मी दोन दिवस बसून दहाही पट्टे जोडले, इस्त्री केली, साडेसहा साडेसहावर खुणा करून २० ब्लॉक कापले पण, आणि आता मांडून बघतेय तर बसतच नाहीयेत. उभा ठेवला की शेजारच्या आडव्यापेक्षा मोठा होतो, कधी खाली जास्त निघतो कधी बाजूला कमी. मी टीपटॉपदादांनी सांगितल्यासारखी चिकटपट्टी लावली होती पण मधे बॉबिन भरताना ती निघाली आणि मी नंतर फूटच्या कडेनेच शिवलं. रडू येतंय. तीन ब्लाउजपीस वाया, त्यातला एक डोहाळजेवणाचा होता.

टीपटॉप | सोमवार, सकाळी ७:१०

काही वाया नाही. टेप घ्या आणि मला तीन आकडे द्या: जोडलेल्या पट्ट्याची रुंदी, नुसत्या मधल्या पट्टीची रुंदी, आणि कापलेल्या ब्लॉकची लांबी. दोन-चार ठिकाणी मोजा.

नवशिकी | सोमवार, सकाळी ७:४०

रुंदी सव्वासहा, सगळीकडे जवळजवळ सारखी. मधली पट्टी दोनला किंचित कमी. लांबी साडेसहा.

टीपटॉप | सोमवार, सकाळी ८:०५

बघा, मधली पट्टी बरोब्बर २ इंच यायला हवी होती. म्हणजे माया प्रत्येक कडेला अर्धा सूत जास्त गेली, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा सूत काहीच नाही असं वाटतं ना? पण दोन शिवणी, प्रत्येकीत दोन कडा, चार अर्धे सूत, झाला पाव इंच. तुमचा ब्लॉक चौकोन नाहीच आहे, सव्वासहा बाय साडेसहाचा आयत आहे. तो फिरवल्यावर कसा बसेल.

औषध सोपं. लांबीतून पाव इंच कापून सगळे सव्वासहाचे चौकोन करा. उरलेले पट्टे सव्वासहावरच कापा. सगळे सारखेच चुकलेत म्हणजे चुकलेच नाहीत. दुपटं ३६ बाय ४८ ऐवजी साडेचौतीस बाय ४६ होईल, बाळ टेप घेऊन येणार नाही.

उरेबपट्टी | सोमवार, सकाळी १०:३०

टीपटॉप, बरं झालं तुम्ही होतात. चूक खरं तर माझीच आहे, मी वर "साडेसहाचा चौकोन कापा" असं छापील लिहिलं. नीट सांगायचं तर असं: तिन्ही पट्ट्या जोडून इस्त्री केल्यावर आधी पट्ट्याची रुंदी मोजा, जी येईल तीच लांबी घेऊन चौकोन कापा. साडेसहा हे पुस्तकातलं. तुझ्या मशीनचं सव्वासहा असेल तर तुझा ब्लॉक सव्वासहाचा. पट्टे एकमेकांत कमीजास्त असतील तर सगळ्यात अरुंद जो असेल त्याच्यावर बाकीचे कापायचे. वरच्या पोस्टमध्ये बदल करता येत नाहीये आता, म्हणून इथे ठळक केलंय.

आणि सगळ्यांनी पहिला पट्टा शिवायच्या आधी पाच-पाच इंचांचे तीन तुकडे जोडून मधली पट्टी मोजून बघा. २ आली की पुढे जा. पाच मिनिटं लागतात.

नवशिकी | सोमवार, दुपारी १२:१५

कापले, बसले!!! जमिनीवर मांडलेत सगळे. आणि एक जादू झालीय, उभा आडवा उभा आडवा मांडल्यावर गडद पट्ट्या मिळून पायऱ्या दिसतायत तिरक्या, खालून वर जाणाऱ्या. हे मी केलं?

उरेबपट्टी | सोमवार, दुपारी १२:४०

तूच केलंस. फक्त एक बघ, सगळ्या उभ्या ब्लॉकांची गडद पट्टी एकाच बाजूला हवी, आणि सगळ्या आडव्यांचीही एकाच बाजूला. एक जरी उलटा फिरला तरी पायरी तुटते. मोबाईलवर फोटो काढून फोटोत बघ, डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोत लगेच दिसतं. मग प्रत्येक ओळीला टाचणीनं नंबराची चिठ्ठी लाव, नाहीतर मशीनपर्यंत जाताना सगळं कोलमडतं. एका ओळीच्या माया उजवीकडे दाब, पुढचीच्या डावीकडे, म्हणजे ओळी जोडताना कोपरे एकमेकांत अडकून बसतात.

मधल्या थराला बाळाचं असेल तर जाड काही नको, एक जुनी सुती चादर किंवा फ्लॅनेलचा तुकडा पुरे. मागे जुनी मऊ सुती पाचवारी, पन्हा ४५ इंचाच्या आसपास असतो त्यात जोड न देता बसतं. मग कच्चा दोरा आणि शिवणींच्या कडेनं धावदोरा. त्याचा वेगळा धागा काढू, सातारकरांनी काढावा असं सुचवते.

सातारकर | सोमवार, दुपारी ३:२०

मी?? बरं. आईला विचारून लिहितो. टाके मी घातलेले नाहीत हे मावशीआज्जींनी आधीच उघडं पाडलंय.

मावशीआज्जी | सोमवार, संध्याकाळी ५:००

आईला विचारा आणि विचारताना हातात सुई घ्या.

नवशिकी, डोहाळजेवणाचा पीस कुठला लावलास, गडद का फिका?

नवशिकी | १२ दिवसांनी, रात्री १०:३०

धागा वर काढतेय. मावशीआज्जी, गडद, तो जांभळा. वरचा थर पूर्ण झाला!! आईची कॉटनची साडी मागे लावली, मधे चादर, धावदोरा निम्मा झालाय, बोटांना भोकं पडलीयत. पाचव्या ओळीत एक ब्लॉक उलटा लागलाय, फोटो काढला होता तरी. उसवणार होते पण त्याच्यावरून धावदोरा गेलाय आता, आणि नवऱ्याला विचारलं कुठला उलटा आहे सांग, तर त्यानं दुसऱ्याच ओळीतला दाखवला. मग ठेवला तसाच.

प्रश्न असा की कडेच्या पट्टीला कापड काय घेऊ? चौथा ब्लाउजपीस नाहीये माझ्याकडे.

टीपटॉप | १२ दिवसांनी, रात्री १०:५०

तिन्ही पीस ८० सेंमीचे होते ना? एका पीसमध्ये अडीच इंची १२ पट्ट्या बसतात, तुम्ही १० कापल्यात. प्रत्येकाच्या २ उरल्या, एकूण ६. तुमच्या दुपट्याचा घेर १६१ इंच, कोपऱ्यांना आणि जोडाला १२ धरा. सहा पट्ट्या चौतीस-चौतीसच्या म्हणजे २०४. पुरून उरतात.

नवशिकी | १२ दिवसांनी, रात्री ११:१०

अय्या हो, त्या सहा पट्ट्यांनी मी तुळशीच्या कुंडीला कठडा बांधलाय. धुऊन काढते.